मामूल

मूल्यशिक्षणाचा तास शनिवारी, सकाळची शाळा.
साडेनवालाच पत्रा तापायला लागतो.
पलीकडच्या गल्लीत माग चालू, खटाक खट, खटाक खट,
त्याच्यावर आवाज चढवून मी फळ्यावर लिहिलं:
भ्रष्टाचार.
जोडाक्षरं मोजून घेतली. दोन.
मलकप्पानं ‘ष्टा’चं पोट फाडलं, ते शिवून दिलं.

पुस्तकात एक साहेब होता, टेबल होतं, टेबलाखालून पाकीट.
"असा माणूस कुणी पाहिलाय?"
कुणीच नाही.
साखर पेठेतल्या बोळात साहेब येतच नाही.

म्हटलं, पुस्तक मिटा. घरी काय म्हणतात ते सांगा.
आणि वर्ग सांडला, शेंगांचं पोतं उसवावं तसा:
चहापाणी, चिरीमिरी, वजन, हात ओले.
शाहिदा म्हणाली, पाणी पाचव्या दिवशी येतं,
चावीवाल्याला पन्नास दिले की आमच्या बोळात अर्धा तास जास्त.
"आणि पुढच्या बोळात?"
ती थांबली.
पुढच्या बोळात तिची मावशी राहते.

नर्सिंलूची आई हजार विड्या वळते,
चेकर मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो.
काढतो, फेकत नाही.
"त्याला काय म्हणायचं, सर?"
चोरी, मी म्हणालो.
"आई म्हणते, रीत."

मग शेवटच्या बाकावरून नागमणी चिट्याल,
घरात तेलुगू, शाळेत मराठी, एरवी गप्प:
"आमच्यात मामूल म्हणतात."
म्हणजे?
"म्हणजे नेहमीचं."
लाच आणि नेहमीचं, दोन्हीला एकच शब्द?
"एकच, सर."
तेवढ्यात वीज गेली. गल्लीभरचे माग
एकदम गप्प झाले.

मी ‘भ्रष्टाचार’ पुसलं. तिचा शब्द लिहिला.
सोमवारी प्रत्येकानं एक नेहमीचं आणायचं,
मोठ्या माणसांचं असलं तरी आणायचं.
तास फार छान झाला, असं घरी सांगितलंसुद्धा,
कडक भाकरी मोडता मोडता.

सोमवारी नागमणीनं वही पुढे केली.
खिचडीच्या ताटल्या धुवायची पाळी तिच्या गटाची.
गुरुवार, ताटल्या ३७. शुक्रवार ३५. शनिवार ३६.
शेजारी रजिस्टरातला आकडा,
माझ्यासारखाच पाचाला शेपूट काढून:
५२. ५२. ५२.
खाली सही कुणाची, ते लिहिलं नव्हतं.
जागा सोडली होती.

म्हणजे शब्द सांगण्याआधीपासून ती मोजत होती.

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं.
वरूनच सांगतात. पट घसरला तर तुकडी जाते,
तुकडी गेली की शिक्षक जातो, म्हणजे मीच.
सगळं खरं.
सगळं नेहमीचं.
बोललो काहीच नाही.
बावन्न नव्हे, अडतीस पोरं बघत होती.

त्या दुपारी अडतीस लिहिलं.
एवढासा आकडा, आणि हात
पहिलीतल्या पोरासारखा चालला.
मुख्याध्यापक श्रीगादी सरांनी चष्मा काढला,
"घरच्यासारखं वागा हो, गुरुजी,"
आणि कोरं पान पुढे सरकवलं.
मी पेन खिशात घातलं.
ते धाडस नव्हतं. रात्री दोनदा उठलो,
माठातलं चार दिवसांचं पाणी प्यालो.
पत्र येईल म्हणतात. अजून आलेलं नाही.

आता नागमणी ताटल्या उन्हात पालथ्या घालते
आणि फळ्याच्या कोपऱ्यात, तारखेखाली,
आकडा लिहून जाग्यावर बसते.
मी तिला सांगितलेलं नाही.
पुसायलाही नाही.

परवा तिला ताप होता. कोपरा रिकामा राहणार
असं वाटलं, तेवढ्यात मलकप्पा उठला,
ताटल्यांपाशी उकिडवा बसला,
एकेकीवर बोट ठेवत, ओठ हलवत
मोजत गेला,
एकतीसवर चुकला,
डोकं खाजवलं,
पुन्हा पहिलीपासून.